न खरवडलेला जिना

रंगाऱ्यांच्या जगात त्याला सगळे कोरामास्तर म्हणत. हे नाव आपल्याला फुकट मिळालेलं नाही असं तो स्वतःच सांगे, आणि सांगताना त्याची छाती दोन बोटं पुढे येई. जुन्या लाकडाला नवा रंग द्यायचा तर आधीचा सगळा रंग जाळून, खरवडून, घासून खालचं कोरं लाकूड उघडं करायचं, घरमालकाला बोलावून त्यावरून हात फिरवायला लावायचा आणि मगच प्रायमरचा डबा फोडायचा, ही त्याची रीत. बाकीचे रंगारी पॉलिश पेपर ओढल्यासारखं करत आणि जुन्यावरच नवा हात मारून मोकळे होत. "आपल्याकडे वरवरचं चालत नाही," हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता की त्याच्या बायकोला ते तोंडपाठ झालं होतं. एकसष्टी आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी लोक त्याला सल्ल्याला बोलवत. तो जाई, दाराची चौकट नखानं टोचून बघे आणि आधीच्या रंगाऱ्याचा यथेच्छ उद्धार करून परत येई.

या माणसाची खरी हकीकत सांगायची तर ती एका जिन्यापासून सांगावी लागते.

शहराच्या ऐन मध्यावर, काचेच्या दोन उंच कचेऱ्यांच्या बेचक्यात, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक दुमजली लाकडी घर अजून उभं होतं. रस्त्याकडे पोट काढून बसलेली तीन तोंडांची खिडकी, टोकदार छप्पर, पडवीच्या कडेला लाकडात कापलेली झालर. त्या रस्त्यावर एकेकाळी अशी नऊ घरं होती, त्यांतली आठ गेली. जी गेली त्यांतल्या पाच घरांचं लाकूड कोरामास्तरनंच कधी ना कधी खरवडलं होतं. नवव्या घरात एक निवृत्त डॉक्टरीणबाई एकट्या राहत. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झालेली, मुलं नाहीत, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. पेशंट गेले, पण सवय गेली नव्हती. समोर माणूस बसला की त्या आधी त्याच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघत.

नगरपालिकेनं रस्ता रुंद करायचं ठरवलं आणि नकाशावरची लाल रेघ नेमकी बाईंच्या दिवाणखान्यातून गेली. बाईंनी हातपाय गाळले नाहीत. अर्ज केले, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि एवढं कळलं की घर वारसा यादीत पहिल्या वर्गात आलं तर रस्ता वळवून नेतात. दुसऱ्या वर्गात आलं तर फोटो काढून ठेवतात आणि घर पाडतात. बाहेरून घरात बरेच बदल झाले होते. छपरावर पत्रा आला होता, खालच्या खिडक्यांना लोखंडी गज आले होते. तेव्हा आत काय शिल्लक आहे त्यावर सगळं अवलंबून होतं.

बाईंनी कोरामास्तरला निरोप धाडला. तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला.

"मास्तर, एक पत्र द्या मला लिहून," बाई म्हणाल्या. "आम्ही घराची किती निगा राखली ते त्या लोकांना कळलं पाहिजे. साहेबांच्या वहीत सगळं आहे, पण काम करणाऱ्याच्या सहीचं असलं की वजन पडतं."

साहेब म्हणजे त्यांचा नवरा. घरात खिळा ठोकला तरी तो वहीत लिहून ठेवणारा माणूस. बाईंनी वही उघडून पुढे केली. एकतीस वर्षांपूर्वीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'सर्व लाकूडकाम, जिन्यासह, कोऱ्या लाकडापर्यंत खरवडून नवीन रंग. काम उत्तम.'

कोरामास्तरचा पेन 'जिन्यासह' या शब्दाशी थोडा अडखळला. पण हे तो एकतीस वर्षं सांगत आला होता. एखादी गोष्ट इतकी वर्षं सांगितली की ती आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटायला लागते. त्यानं झोकात लिहिलं, की या घरात जुन्या रंगाचा कणही ठेवलेला नाही, याची मी ग्वाही देतो. खाली सही ठोकली. बाईंनी पत्र चष्म्याजवळ धरून वाचलं आणि म्हणाल्या, "आता बघू कोण पाडतं ते."

आणि हे पत्र धादांत खोटं होतं.

तेव्हा तो तिशीचा होता, नुकतंच स्वतःच्या नावावर काम घ्यायला लागलेला. हाताखाली बायकोचा धाकटा भाऊ होता, बावीस वर्षांचा, मान खाली घालून काम करणारा, अबोल. डॉक्टर जोडपं पाच आठवडे परगावी जाणार होतं आणि परत यायच्या आत घर रंगवून हवं होतं. मेव्हण्यानं मागच्या खोल्या घेतल्या. जिना आणि पुढचा दिवाणखाना कोरामास्तरनं घेतला, कारण दर्शनी काम मुख्य माणसानं करायचं असतं. जिन्याच्या कठड्याला चौसष्ट कातीव दांडे. प्रत्येकाला चार कडी, दोन गोंडे, मध्ये एक निमुळती मान. प्रत्येक खाचेतून रंग उकरायचा तर एका दांड्याला अर्धा दिवस. तीन दिवसांत सहा दांडे झाले आणि कोरामास्तरला त्या कामाचा मनापासून कंटाळा आला. दुसरं कारण काही नव्हतं. अडचण नव्हती, आजारपण नव्हतं. कंटाळा आला आणि बघायला कोणी नव्हतं. उरलेल्या अठ्ठावन्न दांड्यांवर, कठड्याच्या आडव्या पट्टीवर आणि पुढच्या खोलीच्या सगळ्या लाकडावर त्यानं पॉलिश पेपर फिरवला आणि वरून ऑइल पेंट दिला. दुपारभर तो पुढच्या पायरीवर बसून विड्या ओढी. मागच्या खोलीतून मेव्हण्याच्या खरवडायच्या पत्तीचा खर्र खर्र आवाज येत राही.

वर्षभरात कठड्याच्या पट्टीवर फोड आले. हात ठेवला की रंगाचा पापुद्रा तळव्याला चिकटून येई. साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "जिना कोणी केला?"

कोरामास्तरनं एक क्षणही न घालवता मेव्हण्याकडे बोट केलं. "यानं, साहेब. नवीन आहे. मी मागं होतो, माझं लक्ष राहिलं नाही." आणि नुसतं सांगून तो थांबला नाही. साहेबांसमोर, बाईंसमोर, शेजारच्या दोन घरांतली माणसं पडवीत गोळा झालेली, त्यांच्यासमोर त्यानं मेव्हण्याला कामचुकार म्हटलं, फुकटखाऊ म्हटलं, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग स्वतः ब्लो लॅम्प पेटवून पट्टी कोऱ्या लाकडापर्यंत अशी काही चकचकीत खरवडली की साहेब खूश झाले. "आणि बाकीचं?" साहेबांनी विचारलं. "पट्टी तेवढी यानं केली, बाकीचं माझ्या हातचं आहे," कोरामास्तर म्हणाला. दांड्यांना कोणी हात लावत नसल्यामुळे त्यांचा रंग कधी उचललाच नाही.

त्या दिवसापासून एकाला कोरामास्तर हे नाव पडलं आणि दुसऱ्याला पापुद्रा. मेव्हण्याला परत कोणी रंगाचं काम दिलं नाही. लोक तोंडावर हसून विचारत, "काय पापुद्रा, कुठं चिकटलास?" तो एका लॉन्ड्रीत इस्त्रीला लागला आणि तिथंच राहिला. कोरामास्तर मात्र खरंच सुधारला, हेही सांगायला हवं. भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा, त्यानंतर त्यानं एकही चौकट न खरवडता रंगवली नाही.

वारसा समितीकडून पाहणीला एक तरुण बाई आली. गळ्यात भिंग, हातात डॉक्टरांची असते तशी बारीक सुरी. डॉक्टरीणबाईंनी तिला मागच्या जेवणाच्या खोलीत बसवलं आणि वही, पत्र, सगळं पुढ्यात मांडलं. कोरामास्तर दाराशी उभा होता, कौतुकाची वाट बघत.

पाहणीवालीनं पत्र वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"सगळं खरवडलं?" तिनं विचारलं. "सगळंच?"

"कणही ठेवला नाही," बाई अभिमानानं म्हणाल्या.

"अरेरे." ती उठली, जेवणाच्या खोलीच्या चौकटीवर सुरीनं टिकलीएवढी जागा साफ केली आणि भिंग लावलं. एक रंग, खाली प्रायमर, खाली लाकूड. "खरंच आहे. फार मन लावून केलंय काम." ती परत बसली आणि हळू आवाजात समजावून सांगायला लागली. ही घरं नुसत्या आकारानं मोठी ठरत नाहीत. पहिल्या मालकानं दिलेला रंग, त्यावर पुढच्यानं दिलेला, असे थर म्हणजे घराचा जन्मापासूनचा कागद. या शहरात त्या काळातल्या घराचे मूळ रंग कुठंच उरलेले नाहीत, सगळ्यांनी खरवडून टाकले. इथं ते मिळाले असते तर पहिला वर्ग हातात होता. "आता कठीण आहे. तीन आठवड्यांनी समिती शेवटचं बघायला येईल, पण मी खोटी आशा लावत नाही."

आयुष्यभर ज्या गोष्टीची शेखी मिरवली ती इथं गुन्हा निघाली होती, आणि जो गुन्हा पोटात दडवून ठेवला होता तो या घराचा एकुलता एक आधार होता. बारा पावलांवर जिना होता. एक वाक्य बोलायचं होतं. कोरामास्तर म्हणाला, "येतो बाई, जरा काम आहे," आणि निघून गेला.

पुढचे तीन आठवडे त्याला अन्न गोड लागलं नाही. सांगावं तर नाव जातं. ज्या पोरांना आपण रंगाचं काम शिकवलं, ज्या घरमालकांना हात फिरवायला लावला, ते सगळे काय म्हणतील? न सांगावं तर डॉक्टरीणबाई या वयात कुठं जातील? निनावी चिठ्ठी टाकायचा विचार केला, पण अक्षर बाई ओळखतील. आपण गेल्यावर कोणाला तरी आपोआप सापडेल असाही विचार केला, आणि स्वतःच्याच भेकडपणाची किळस आली. बायको विचारी, "अहो, तब्येत बरी नाही का?" तो म्हणे, "गुडघे." बिचारी रोज तेल चोळी, आणि चोळून घेताना त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होई.

समितीचे दोघेजण आणि पाहणीवाली ठरल्या दिवशी आले. डॉक्टरीणबाईंनी कोरामास्तरला सोबतीला बोलावलं होतं आणि चांगली साडी नेसून त्याची बायकोही आली होती. पाहुणे घरभर फिरले, छान छान म्हणाले, आणि माना हलवत जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबले. काय होणार ते त्या माना हलवण्यावरूनच कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनाही कळलं. त्या कठड्याला धरून म्हणाल्या, "चूक माझी आहे. आम्हालाच अक्कल नव्हती. मास्तरांना बोल लावू नका हं कोणी. त्यांनी बिचाऱ्यांनी आम्ही सांगितलं ते प्रामाणिकपणे केलं."

शिव्या दिल्या असत्या तर त्यानं पचवल्या असत्या.

"जिना खरवडलेला नाही," कोरामास्तर म्हणाला.

कोणाला कळलंच नाही. बाई म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"जिना मी खरवडला नाही. पहिले सहा दांडे आणि नंतर केलेली ही पट्टी सोडली तर. ही पुढची खोली पण नाही. जुन्यावरच रंग मारला." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "पत्र खोटं आहे. बघा उकरून."

पाहणीवाली गुडघ्यांवर बसली. सातव्या दांड्याच्या गोंड्याखाली, खाचेत, तिनं सुरी चालवली. मग ती भिंगातून बघत मोजायला लागली. पांढरा, पिस्ता, पुन्हा पांढरा, कॉफी, करडा... अकरा थर निघाले. सगळ्यात खाली, लाकडाला लगटून, गडद बाटलीसारखा हिरवा. ती एकदम लहान मुलीसारखी ओरडली, "सर, मूळ हिरवा!" आणि समितीतले ते दोन पोक्त गृहस्थ आपापल्या पँटची पर्वा न करता पायरीवर आडवे झाले. डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून रडायला लागल्या. घर वाचलं होतं.

एकानं उठून कोरामास्तरचा हात हातात घेतला. "अहो, तुमच्या आळसाचे उपकार आहेत शहरावर!" सगळे हसले. कोरामास्तरला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण या हसण्यातून सुटावं.

पाहणीवालीनं वही काढली. "मागच्या खोल्या मात्र पूर्ण खरवडल्यात. तेही तुम्हीच?"

"नाही. ते मेव्हण्यानं. त्यानं सगळं नीट केलं होतं."

बाईंचं रडणं थांबलं. त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. "पण तेव्हा जिना त्या मुलानं बिघडवला म्हणाला होतात तुम्ही. इथंच. याच जागी त्याला हाकलून दिलंत." त्यांनी डोळे पुसले. "साहेबांनी नंतर चार जणांना सांगितलं होतं, त्या मुलाला काम देऊ नका म्हणून."

कोरामास्तरनं मान हलवली. बायको त्याच्याकडे बघत होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पण तिची नजर त्याला मानेवर जाणवत होती.

रस्त्यात ती एकच वाक्य बोलली. "मी त्याला तेव्हा म्हटलं होतं, आमच्या तोंडाला काळं फासलंस म्हणून." मग घराकडचं वळण आलं तरी ती वळली नाही, सरळ लॉन्ड्रीच्या दिशेनं चालत राहिली. तो मागून गेला.

लॉन्ड्रीत वाफ कोंदली होती. मेव्हणा लांब टेबलाशी उभा राहून हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करत होता. केस पांढरे झालेले, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. बहिणीला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. कोरामास्तरनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जिना, पॉलिश पेपर, साहेब, आजचं सगळं. शेवटी हात जोडले. मेव्हणा इस्त्री करतच होता.

"मला माहीत होतं, दाजी," तो म्हणाला. "खरवडायचा आवाज येतो. पुढनं तीन दिवस आला, मग बंद झाला."

"मग बोलला का नाहीस रे?" बहीण म्हणाली.

"तुला सातवा चालू होता. कुठं तुझ्या संसारात बिब्बा घालू?" त्यानं चादरीची घडी मारली आणि गठ्ठ्यावर ठेवली. "आज का सांगितलंत, दाजी?"

"घर पाडणार होते," कोरामास्तर म्हणाला. "बाई स्वतःला दोष देत होत्या. बघवेना मला."

मेव्हण्यानं इस्त्री बाजूला उभी केली. रागावलेला दिसत नव्हता, नुसता विचार करत असल्यासारखा दिसत होता.

"म्हणजे घरासाठी सांगितलंत," तो म्हणाला. "घर पाडायला काढलं नसतं, तर मी असाच गेलो असतो."

काहीतरी बोलावं, नाही म्हणावं, असं कोरामास्तरला फार वाटलं. पण ते खरं होतं. गेल्या तीन आठवड्यांत त्यानं स्वतःच्या नावाची काळजी केली होती, शिकवलेल्या पोरांची, बाईंच्या म्हातारपणाची, त्या लाकडाचीसुद्धा. हा माणूस त्यात एकदाही त्याच्या मनात आला नव्हता. एकतीस वर्षं दर महिन्याला तो आपल्या घरी जेवायला येत होता, शेजारी बसून जेवत होता, आणि तरीही नाही.

मेव्हण्यानं पुढची चादर ओढून घेतली आणि टेबलावर पसरली.

"ताई, तू बस," तो म्हणाला. "दाजींना जायचं असेल तर जाऊ देत."